ऐनवेळचा विनोद आणि त्याची तालीम

लिहिलेलें नाटक बसवावयाचें म्हणजे तालीम पाहिजे, ही गोष्ट शाळेंतील लहानसा मुलगाहि जाणतो. भूमिकांची वांटणी, पाठांतर, कोणीं कोठें उभें राहावें, पडदा केव्हां ओढावा, या सर्वांत महिना-दोन महिने सहज जातात. परंतु ज्या नाटकांत एकहि वाक्य आधीं लिहिलेलें नाहीं, प्रेक्षकांनीं एखादा शब्द किंवा प्रसंग सुचवावा आणि नटांनीं त्याच क्षणीं त्यावर प्रवेश उभा करावा, अशा विनोदी नाटकाचें नांव काढलें कीं दोन मतें ऐकूं येतात. कोणी म्हणतो, "त्याला तालीम कसली ? ज्याची जीभ मुळांतच तिखट, त्याला तें साधतें. इतरांनीं त्या वाटेस जाऊं नये." दुसरा म्हणतो, "असला बेभरंवशाचा प्रकार संमेलनांत नकोच. मुलें पाहुण्यांसमोर काय बोलून बसतील याचा नेम काय ?" पहिला या कलेस देणगी समजतो, दुसरा धोका समजतो. आमच्या मतें दोघेहि एकाच ठिकाणीं चुकतात. जें लिहिलेलें नाहीं तें शिकलेलेंहि नाहीं, असें दोघांनींहि गृहीत धरलेलें असतें. या प्रकारांत स्वतः रंगमंचावर उभें राहून, तालमी घेऊन व दिग्दर्शन करून आम्हांस जें दिसून आलें, त्यावरून हा समज निराधार आहे असें आम्ही म्हणतों.

इंग्रजींत या प्रकारास 'इम्प्रॉव्ह' असें सुटसुटीत नांव आहे. आपण त्यास उत्स्फूर्त नाट्य म्हणूं. नांव नवें असलें तरी वस्तु आपणांस परकी नाहीं. १८४३ सालीं सांगलीस श्रीमंत चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयानें विष्णुदास भावे यांनीं 'सीतास्वयंवर' नाटकाचा प्रयोग केला आणि तेथून मराठी रंगभूमीचा आरंभ आपण मोजतों. या नाटकांत पद्यें तेवढीं रचलेलीं असत. तीं सूत्रधारानें म्हणावीं, आणि राम, रावण, सीता इत्यादि सोंगें घेणाऱ्यांनीं त्या पद्यांचा आशय धरून आपलें भाषण आपणच करावें, अशी रीत होती. म्हणजे मराठी रंगभूमीवरील पहिलें बोलणें कागदावरून उतरलेलें नव्हे. तें नटांच्या मुखीं त्या त्या वेळीं तयार झालें. पुढें १८६१ सालीं विनायक जनार्दन कीर्तने यांचें 'थोरले माधवराव पेशवे' हें नाटक आलें. त्यांतील भाषणें आधीं लिहिलेलीं होतीं, आणि अशा नाटकांस लोक 'बुकिश' नाटकें म्हणूं लागले. लिहिलेल्या नाटकास निराळें नांव द्यावें लागलें, यावरूनच पूर्वीचा प्रघात काय होता हें उघड होतें.

हा प्रघात नाहींसा झाला असेंहि नाहीं. दक्षिण कोंकणांत व गोमंतकाच्या उत्तर भागांत जत्रेच्या रात्रीं होणारा दशावतार पाहावा. आख्यान कोणतें तें मंडळीचा नायक प्रयोगापूर्वीं सांगतो, भूमिका वांटल्या जातात, आणि पखवाज, पेटी व झांज यांच्या साथीवर नट संवाद बोलूं लागतात. हातांत वही नसते, कारण वही मुळांत नसतेच. पूर्वरंगांतला संकासुर तर मालवणी बोलींत समोर बसलेल्या मंडळीशींच थट्टा करतो. देशावर तमाशाच्या बतावणींत व वगांत सोंगाड्याची हजरजबाबी हाच प्राण. 'गाढवाचं लग्न' या वगांतील सांवळ्या कुंभार म्हणून गाजलेले दादू इंदुरीकर घ्या, किंवा १९६५ सालीं रंगभूमीवर आलेल्या वसंत सबनीसांच्या 'विच्छा माझी पुरी करा' मधील दादा कोंडके घ्या. एकच खेळ पुनःपुन्हां पाहावयास लोक जात, कारण दर खेळीं कांहींतरी निराळें ऐकावयास मिळे.

हीच गोष्ट दूरच्या इटलींतहि घडली होती. १५४५ सालीं पादुआ शहरीं कांहीं नटांनीं एकत्र मंडळी काढण्याचा करार केला, तो आजहि उपलब्ध आहे. या धर्तीच्या मंडळ्यांचे नट संवाद पाठ करीत नसत. कथेचा सांगाडा तेवढा ठरलेला असे, आणि पांटालोने हा कृपण म्हातारा किंवा आर्लेकीनो हा खादाड नोकर, अशीं सोंगें ठरलेलीं असत. फ्लामिनियो स्काला या नटानें १६११ सालीं असे पन्नास सांगाडे छापून प्रसिद्ध केले. ते वाचून नाटक कळतें. परंतु लोक पोट धरधरून कां हंसत असत तें कळत नाहीं, कारण हंसविणारा भाग त्यांत लिहिलेलाच नाहीं.

आतां पाहण्यासारखी गोष्ट ही कीं, या सर्व नटांनीं वाक्यें पाठ केलीं नव्हतीं तरी ते अभ्यासावांचून उभे राहत नव्हते. दशावतारी नटास रामायण-महाभारतांतील आख्यानें मुखोद्गत असतात. इटलींतला नट एकच सोंग जन्मभर वागवी. सोंगाड्या वडीलधाऱ्या सोंगाड्याच्या मागें उभा राहून वर्षानुवर्षें ऐकत असे. आपल्या मंडळींत पुस्तकावांचून प्रार्थना करणारे वडील आपण ऐकतों. त्यांचे शब्द त्या घटकेचे असतात हें खरें. पण त्या घटकेमागें रोजच्या पहांटेची कित्येक वर्षांची संवय असते. वाक्य तयार नसतें, माणूस तयार असतो. ऐनवेळच्या विनोदाची तालीम ती हीच.

परंतु परंपरेंत जन्मलेल्या नटास जें आपोआप मिळतें, तें शाळेंतल्या मुलांस कसें द्यावें ? या प्रश्नाचें उत्तर शोधणाऱ्यांत एक बाई व एक शिक्षक यांचीं नांवें मुख्य आहेत. व्हायोला स्पोलिन (१९०६-१९९४) या बाई शिकागो शहरांतील हल हाउस या समाजसेवेच्या संस्थेंत नीव्हा बॉयड यांच्या हाताखालीं शिकल्या. त्या वस्तींत देशोदेशींहून आलेल्या गरीब कुटुंबांचीं मुलें असत. त्यांची भाषा एक नव्हती, चालीरीति एक नव्हत्या. अशा मुलांस एकत्र आणण्यास खेळासारखें साधन नाहीं, हें स्पोलिनबाईंनीं तेथें पाहिलें आणि अभिनय शिकविण्यासाठींहि त्यांनीं खेळच रचले. त्यांचा या विषयावरील ग्रंथ १९६३ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांचे चिरंजीव पॉल सिल्स व त्यांचे सहकारी यांनीं १९५५ सालीं शिकागोंत 'कंपास' ही मंडळी व १९५९ सालीं 'सेकंड सिटी' हें विनोदी नाट्यगृह काढलें, तेव्हां त्यांच्या नटांस याच खेळांचा उपयोग झाला. मुलांसाठीं रचलेल्या खेळांतून मोठ्यांची रंगभूमि निघाली, हें शिक्षकांनीं विशेष ध्यानांत घ्यावें.

दुसरे कीथ जॉन्स्टन (१९३३-२०२३). हे प्रथम लंडनमधील कामकऱ्यांच्या वस्तींत शाळामास्तर होते. पुढें रॉयल कोर्ट नाट्यगृहांत व नंतर कॅनडांतील कॅलगरी येथें त्यांनीं ही विद्या शिकविली. मुलें उपजत मंद नसतात; चुकण्याच्या भयानें तीं गप्प होतात, हें त्यांच्या शिकवणुकीचें सार आहे. निराळें व अपूर्व कांहीं सुचावें म्हणून धडपडूं नका, समोर जें सहज दिसतें तेंच बोला, असें ते नटांस सांगत. हें ऐकावयास सोपें आहे. पण ज्यानें रंगमंचावर चार डोळ्यांसमोर उभें राहून पाहिलें असेल, त्यास यांतील कठीणपणा कळेल.

या दोघांच्या पद्धतींतील थोडे खेळ येथें सांगतों. पहिला आरशाचा. दोघे समोरासमोर उभे राहतात. एक हळूहळू हालचाल करतो, दुसरा आरशांतील प्रतिबिंबाप्रमाणें तशीच करतो. कांहीं वेळानें कोण पुढें व कोण मागें हें पाहणाऱ्यास ओळखूं येईनासें होतें, तेव्हां खेळ साधला. दुसरा एकेका शब्दाच्या गोष्टीचा. सर्वांनीं वर्तुळांत बसून प्रत्येकानें एकच शब्द बोलावा व गोष्ट पुढें न्यावी. आपल्या मनांत वाघाची गोष्ट असतां शेजाऱ्यानें 'वाण्याच्या' असा शब्द टाकला, तर वाघ तेथेंच सोडून वाण्याच्या दुकानीं जावें लागतें. तिसरा निरर्थक भाषेचा. कोणत्याहि भाषेंत नाहींत असे शब्द बोलून भाजी विकावयाची किंवा डॉक्टरास दुखणें सांगावयाचें. या तीन खेळांत तीन गोष्टी शिकल्या जातात : दुसऱ्याकडे लक्ष देणें, आपलें ठरलेलें सोडणें, आणि शब्दांवांचूनहि अर्थ पोंचविणें. यांत 'विनोद करा' असें कोठेंहि सांगितलेलें नाहीं. विनोद या तिहींच्या मागोमाग आपल्या पायांनीं येतो.

प्रत्यक्ष प्रवेशांत याचें कसें होतें तें पाहूं. दोन मुलें उभीं आहेत. एक ओरडतो, "नाना, होडींत पाणी येतंय !" दुसऱ्यानें जर उत्तर दिलें, "कसली होडी ? हें तर माझें दुकान आहे !" तर प्रेक्षक क्षणभर हंसतात, पण पहिल्या मुलाच्या हातांत कांहीं उरत नाहीं व प्रवेश तेथेंच आटोपतो. त्याऐवजीं दुसरा म्हणाला, "तरी तुला सांगत होतों, आत्याला पाटा-वरवंटा घेऊं देऊं नको म्हणून !" तर एका वाक्यांत किती तरी गोष्टी जन्मास आल्या. होडी खरी ठरली, ती बुडत आहे हें खरें ठरलें, कुटुंब ठरलें, न दिसणारी आत्या समोर येऊन बसली, आणि आतां पाटा पाण्यांत टाकावा तर आत्याला सांगणार कोण, हा मोठाच पेंच उभा राहिला. पहिल्या उत्तरांत बोलणारा जिंकला आणि नाटक हरलें. दुसऱ्यांत मित्राचें म्हणणें मान्य करून त्यावर आपली एक वीट चढविली. उत्स्फूर्त नाट्याचा पहिला नियम हाच, आणि तो अंगीं बाणण्यास नाटकाच्या पाठांतराहून अधिक दिवस लागतात. कारण मित्राचें बोलणें पाडून त्यावर टाळी घेण्याची संवय आपणांस वर्गांतूनच लागलेली असते.

दिग्दर्शकाचें काम येथें फार निराळें आहे. ज्याच्या हातांत संहिता नाहीं त्यानें दिग्दर्शन कशाचें करावें, असें पुष्कळ विचारतात. आमचें उत्तर असें कीं, त्यानें लक्षाचें दिग्दर्शन करावें. तालमींत प्रवेश न थांबवितां बाजूनें लहानसा शब्द द्यावा : "त्याच्याकडे पाहा", "घाई नको", "हातांतली बादली कोठें गेली ?" स्पोलिनबाईंनीं या बाजूनें सांगण्यास आपल्या पद्धतींत मोठें स्थान दिलें आहे. व्याख्यान दिलें कीं मूल विचारांत पडतें; शब्द दिला कीं तें पुन्हां खेळूं लागतें. प्रयोगाच्या वेळीं दिग्दर्शकाचा हात दिव्याच्या बटनावर असावा. प्रवेश रंगांत आला असतांच दिवा मालवणें, ही त्याची खरी कसोटी. कारण आंतला नट स्वतः कधींहि थांबूं इच्छीत नाहीं. बडबड्या मुलाला मागें उभें करून अबोल मुलाच्या वांट्यास प्रवेशाचा आरंभ देणें हेंहि त्याचेंच काम. दिग्दर्शकाचा विनोद मुलांहून सरस असेल, तर तो त्यानें घरीं ठेवून यावें.

आतां दुसऱ्या मताकडे, म्हणजे भयाकडे वळूं. न लिहिलेल्या शब्दाची भीति ही कांहीं आमच्या संमेलन-समित्यांचाच शोध नव्हे. ज्या १८४३ सालीं सांगलीस 'सीतास्वयंवर' झालें, त्याच सालीं इंग्लंडांत एक नाट्यगृह-कायदा झाला. नव्या नाटकाची संहिता लॉर्ड चेंबर्लेन या राजदरबारच्या अधिकाऱ्याकडून आधीं मंजूर करून घ्यावी, हा तेथला जुना नियम या कायद्यानें पुढें चालविला, आणि तो १९६८ सालापर्यंत टिकला. जें लिहिलेलेंच नाहीं तें मंजूर कसें करावें ? म्हणून लोकांपुढें ऐनवेळचें नाटक करण्यास तेथें वाव राहिला नाहीं. जॉन्स्टन यांनीं यावर तोड काढली; प्रयोगास प्रयोग न म्हणतां लोकांसमोर घेतलेला वर्ग म्हणावें, अशी ती होती. आम्हांस ही तोड फार अर्थपूर्ण वाटते. प्रयोगास जी मोकळीक मिळाली नाहीं ती वर्गास मिळाली. शाळा तर वर्गांचीच बनलेली असते !

तथापि भिणाऱ्यांचें म्हणणें आम्ही हंसण्यावारी नेत नाहीं. आगाऊ न ठरलेल्या विनोदांत कोणाच्या तरी अब्रूवर घाला पडतो, हें आम्हीं रंगमंचावर अनेकदां पाहिलें आहे. एखाद्याचें तोतरें बोलणें, एखाद्याचा काळा रंग, आडनांवावरून ओळखूं येणारी जात, गुरुजींची चालण्याची ढब, यांवर उडी पडते आणि सभागृह खो खो हंसतें. ज्याच्यावर हंसलें गेलें तोहि हंसतो. कारण न हंसावें तर आणखी हंसें होईल. घरीं जातांना त्याच्या मनांत काय असतें हें आपणांस कोणी येऊन सांगत नाहीं. मोबाइलवरून ती चित्रफीत गांवभर फिरली म्हणजे तर एका संध्याकाळचें हंसें वर्षभर पुरतें. एवढ्या एका कारणासाठीं जर कोणी हा प्रकार बंद ठेवूं म्हणेल, तर त्याच्या अंतःकरणास आम्ही दोष देणार नाहीं.

परंतु रोगाचें निदान नीट केलें पाहिजे. असा विनोद मुलें दुष्ट असतात म्हणून करीत नाहींत. रंगमंचावर उभें राहिल्यावर कांहीं सुचेनासें होतें, समोर शेंकडों डोळे वाट पाहत असतात, घसा कोरडा पडतो. अशा वेळीं बुडणारा जसा हातीं लागेल तें धरतो, तसा घाबरलेला नट सर्वांत जवळचें हंसें धरतो. आणि सर्वांत जवळचें हंसें नेहमींच दुबळ्याचें असतें. तें नवीन शोधावें लागत नाहीं. मधल्या सुट्टींत तें तयारच असतें. भ्यालेला विनोद क्रूर होतो, असा आमचा अनुभव आहे. ज्या मुलास ठाऊक आहे कीं आपल्याला सुचलें नाहीं तर शेजारचा सोबती सांवरून घेईल, स्तब्ध राहिलें तरी चालतें, फसलेल्या प्रवेशानंतरहि दुसरा प्रवेश असतो, त्यास कोणाच्या व्यंगास हात घालण्याची गरजच पडत नाहीं. हें ज्ञान व्याख्यानानें येत नाहीं. तें तालमींत, शंभर वेळां फसून व शंभर वेळां सांवरले जाऊन येतें.

म्हणून लिहिलेलें तपासून घ्यावें हा उपाय येथें पुरा पडत नाहीं. लिहिलेल्या नाटकांतहि तोतऱ्याची थट्टा मंजूर होऊन आलेली आपण पाहतोंच. कागद तपासून माणूस तपासला जात नाहीं. खरा उपाय तालमीचा आणि दिग्दर्शनाचा आहे. शाळांनीं हा प्रकार संमेलनांत अवश्य घ्यावा, मात्र पुढील अटींवर, असें आमचें सांगणें आहे. सहा ते आठ मुलांची एक तुकडी असावी व तींत केवळ वक्तृत्वांत बक्षीस मिळविलेलीं मुलें नसावींत. आठवड्यांतून दोनदां तासभर याप्रमाणें संबंध एक सत्र त्यांची तालीम व्हावी. ती झाली नसेल तर प्रयोग करूं नये. प्रेक्षकांनीं विषय चिठ्ठीवर लिहून द्यावा व त्यांत कोणा हयात व्यक्तीचें नांव नसावें. प्रवेश थांबविण्याचा अधिकार दिग्दर्शक-शिक्षकाचा असावा आणि तो त्यानें निःसंकोच वापरावा. प्रयोग अर्ध्या तासाहून अधिक नसावा. शेवटची अट सर्वांत महत्त्वाची : ज्यावर आपण हंसूं तो सोबती आपल्याशेजारीं बसून मोकळेपणानें हंसूं शकेल, एवढीच थट्टा करावी.

यापासून लिहिलेल्या नाटकाची हानि होईल असेंहि कोणी समजूं नये. 'सेकंड सिटी'च्या नाट्यगृहांत ऐनवेळीं साधलेले प्रवेश निवडून, पुन्हां पुन्हां घांसून, पुढच्या कार्यक्रमांत बसविण्याची रीत पडली. आमच्या शाळांतूनहि, दरवर्षीं तीच तीच प्रहसनें शोधीत बसण्यापेक्षां, मुलांच्या तालमींतून निघालेलें त्यांच्या बोलींतलें, त्यांच्या गांवचें एखादें प्रहसन कां निघूं नये ?

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यांतील बहुतेकजण पुढें नट होणार नाहींत. कोणी दवाखान्यांत, कोणी कचेरींत, कोणी शेतावर, कोणी वर्गांत उभे राहाल. तेथें तुमच्या हातीं संहिता कोणी देणार नाहीं. समोरचा माणूस एखादें वाक्य बोलेल, तें तुम्हीं आधीं ऐकलेलें नसेल, आणि उत्तर तुम्हांलाच द्यावें लागेल. त्या वेळीं त्याला पाडून टाळी घ्यावी, कीं त्याचें बोलणें उचलून त्यावर एक वीट चढवावी, याचा निकाल एका क्षणांत करावयाचा असतो. त्या क्षणाची तालीम जर हंसतखेळत, सोबत्यांच्या मेळ्यांत आणि शाळेच्या छपराखालीं होत असेल, तर ती आम्हीं तुम्हांस कां नाकारावी ?